मला माहीत आहे, पण माझ्या पात्राला?

शिक्षक मित्रांनो व पालकहो, काही मुलं हल्ली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. 1974 साली अमेरिकेत आलेला हा खेळ. डन्जन मास्टर गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन बोलतात. यात डॉपेलगँगर नावाचा रूप बदलणारा प्राणी आहे. तो आपल्याच सोबत्याचं रूप घेऊन येतो.

आता बघा. डन्जन मास्टरने एका खेळाडूला बाजूला नेऊन कानात काही सांगितलं, की तो परत येताच बाकीचे ओरडतात, "हा खोटा!" पात्रांनी तर काहीच पाहिलेलं नसतं. ओळखलं ते खेळाडूने. यालाच मेटागेमिंग म्हणतात.

फाशाचंही तेच. समोरचा खोटं बोलतोय का, हे ताडायला वीस बाजूंचा फासा टाकतात. 3 पडले की मुलाला कळतं, आपला अंदाज फसला. मग तो जास्तच संशय धरतो. हा फासा डन्जन मास्टरनेच झाकून टाकलेला बरा.

"चीटिंग करतोस" म्हणून मुलाला रागावू नका. माहीत असलेलं विसरता आपल्यालाही येत नाही. फक्त विचारा, "तुझ्या पात्राला हे कशावरून कळलं?" डावखुरा सोबती आज उजव्या हाताने जेवला, असं काही सांगता आलं तर संशय खरा. आणि कळलंय म्हणून मुद्दाम बावळटासारखं वागणं, तेही मेटागेमिंगच बरं का!

खुणेचा प्रश्न विचारावा. पण डॉपेलगँगर तर मनातलं वाचतो, असं एखादा हुशार मुलगा म्हणेलच. वाचू दे की! ते त्याच्या पात्राला कुठे माहीत आहे?