बातमीतील साक्ष : मुलांना शिकविण्याचा एक पाठ

मनुष्याला ऐकण्याची, पाहण्याची आणि समजून घेण्याची शक्ती अल्लाहने दिली आहे, आणि या तिन्हींविषयी त्याला जाब द्यावा लागणार आहे (सूरह बनी इस्राईल, आयत ३६). ज्या गोष्टीचे आपल्याला ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये, हा आदेशही त्याच आयतीत आहे. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आणखी स्पष्ट ताकीद आहे. बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा केली नाही, तर अजाणतेपणी निरपराध लोकांना हानी पोहोचते आणि मागाहून पश्चात्ताप करावा लागतो.

आज आपली दहा-बारा वर्षांची मुले केवळ बातम्या वाचत नाहीत, त्या पुढेही पाठवितात. म्हणून बातमी कशी लिहावी आणि तीत साक्षीदाराचे शब्द कसे वापरावेत, हा विषय भाषेच्या तासापुरता मर्यादित राहत नाही. तो चारित्र्याच्या शिक्षणाचा भाग ठरतो.

साक्षीदार कोणाला म्हणावे?

‘साक्षी’ या शब्दात ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे. अरबीतील ‘शाहिद’ म्हणजे जो हजर होता तो. दोन्ही शब्द एकच अट सांगतात : साक्षीदार घटनास्थळी उपस्थित असला पाहिजे. ज्याने दुसऱ्याकडून ऐकले तो साक्षीदार नव्हे, तो निवेदक होय. हदीसशास्त्राच्या विद्वानांनी हा भेद कसोशीने पाळला. कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी, म्हणजे सनद, त्यांनी तपासली. प्रत्येक निवेदकाचा प्रामाणिकपणा आणि त्याची स्मरणशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी मानून दोन्हींची पारख केली. मुलांना हे दोन प्रश्न प्रथम शिकवावेत : हा माणूस खरे बोलणारा आहे काय? आणि त्याला नीट दिसले व नीट आठवते काय?

एक ऐतिहासिक उदाहरण

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले आणि १५ एप्रिलच्या पहाटे बुडाले. सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली. परंतु त्याच दिवशी काही वृत्तपत्रांनी सर्व प्रवासी वाचल्याचे आणि जहाज ओढून बंदराकडे नेले जात असल्याचे छापले. त्या बातमीत एकाही प्रत्यक्षदर्शीचा शब्द नव्हता, कारण वाचलेले लोक तेव्हा ‘कार्पेथिया’ जहाजावर भर समुद्रात होते. योगायोगाने त्याच जहाजातून प्रवास करणारे पत्रकार कार्लोस हर्ड यांनी वाचलेल्यांना भेटून त्यांची निवेदने टिपली. १८ एप्रिलला कार्पेथिया न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा कुठे साक्षीदारांचे शब्द वाचकांपर्यंत आले.

तथापि साक्षी मिळाल्या म्हणजे सारे काम संपत नाही. जहाजाचे द्वितीय अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांनी जहाज अखंड बुडाल्याचे सांगितले. सतरा वर्षांचा जॅक थेयर म्हणाला की ते दुभंगले. विशेष म्हणजे दोघांचेही प्राण एकाच उलटलेल्या होडीवर वाचले होते! इतर काही प्रवाशांनीही जहाज दुभंगल्याचे सांगितले होते. तरी अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही ठिकाणच्या चौकशांनी जहाज अखंड बुडाल्याचे मानले. १९८५ साली समुद्रतळाशी अवशेष सापडले, ते दोन वेगळ्या भागांत.

येथे मुलांना विचारावे : लाइटोलर खोटे बोलले असे म्हणता येईल काय? नाही. चंद्र नसलेली रात्र होती आणि प्राणांवर बेतले होते. अशा वेळी प्रामाणिक माणसाचीही नजर चुकू शकते. मग बातमीदाराचे कर्तव्य काय? दोन्ही निवेदने ज्याच्या त्याच्या नावाने द्यावीत. एकाचा हुद्दा मोठा म्हणून दुसऱ्याचे म्हणणे गाळू नये.

लिहिताना पाळावयाचे नियम

१. साक्षीदार कोठे उभा होता आणि त्याने काय पाहिले, हे आधी लिहावे.

२. अवतरणचिन्हांत केवळ त्याचेच शब्द यावेत. एक शब्दही आपल्या पदरचा घालू नये. नेमके शब्द आठवत नसतील तर अवतरणचिन्हे न वापरता आशय सांगावा.

३. ‘म्हणाले’, ‘सांगितले’ ही क्रियापदे निर्मळ आहेत. ‘कबूल केले’ म्हटले की माणूस अपराधी भासतो. ‘दावा केला’ म्हटले की त्याच्या शब्दांविषयी संशय उत्पन्न होतो.

४. पाहिलेले आणि तर्काने जाणलेले वेगळे ठेवावे. ‘तो पळताना दिसला’ ही साक्ष आहे. ‘तो चोरी करून पळाला’ हा निष्कर्ष आहे.

५. आपल्या माणसाविरुद्ध जाणारी साक्षही लपवू नये. स्वतःच्या, आई-वडिलांच्या वा नातलगांच्या विरोधात गेली तरी न्यायाची साक्ष द्यावी, असा आदेश सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीत आहे.

६. दुःखात असलेल्या माणसाला बोलते करण्यासाठी छळू नये. नाव छापल्याने कोणाला धोका असेल तर ते छापू नये.

वर्गातील कृती

शिक्षकांनी पूर्वसूचना न देता दोन विद्यार्थ्यांना वर्गात येऊन एक वस्तू उचलून नेण्यास सांगावे. दहा मिनिटांनी प्रत्येकाने पाहिलेले लिहावे. मग गटागटाने एकमेकांची साक्ष घेऊन पाच वाक्यांची बातमी तयार करावी. तीत किमान दोन साक्षीदारांचे शब्द असावेत. शेवटी ज्यांचे शब्द वापरले त्यांनाच ती वाचून दाखवावी आणि विचारावे, “तुम्ही हेच म्हणाला होता ना?” सदऱ्याच्या रंगावरही मतभेद निघाले की मुलांना साक्षीची मर्यादा आपोआप उमगेल.

चिंतनासाठी प्रश्न

ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस इमाम मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदविली आहे. या शिकवणीच्या प्रकाशात मुलांनी आज आपल्याकडे आलेली एक बातमी घ्यावी आणि उत्तरे लिहावीत : यात कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे? त्याचे शब्द कोणते आणि लिहिणाऱ्याचे कोणते? ही बातमी खोटी निघाली तर हानी कोणाची होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून झाल्यावरच ती पुढे पाठवावी की नाही, हे ठरवावे.