कलम पावसाआधी, पारंबी पावसात

सखल भागातला माळी कलमाचा मुहूर्त सांगतो तो मृगाचा. पाऊस लागला, हवा दमट झाली की कलम जीव धरते, हे त्याचे म्हणणे त्याच्या हवेत खरेच आहे. मलाही वर्गात तसेच शिकवले होते. पाचगणीत मात्र कुंडीतल्या बहुखोडी झाडासाठी त्या मुहूर्तावर एकत्र बांधलेली माझी नांदरुकाची रोपे श्रावण संपायच्या आत गेली. पट्टी सोडली तेव्हा आत जुळलेले लाकूड नव्हते. काळपट, बुळबुळीत साल होती आणि आंबूस वास होता. वरची पाने तोवर हिरवीगार होती, आणि फसगत होते ती तिथेच. वड-उंबराच्या कुळातले झाड खोडात साठवलेल्या अन्नपाण्यावर बरेच दिवस तग धरते, त्यामुळे खाली काय चालले आहे ते कळत नाही.

कारण उघड आहे. आपण तेराशे मीटरच्या आसपास उंचीवर राहतो. जून ते सप्टेंबर धुके खिडकीतून घरात शिरते, ऊन दिसत नाही, जखम वाळत नाही. दोन साली एकमेकींत मिसळायच्या तर झाड वाढीच्या जोमात हवे, आणि या कुळाला त्यासाठी ऊब लागते. ओल भरपूर पण ऊब नाही, अशा हवेत बुरशी झाडापेक्षा भराभर काम करते. म्हणून डोंगरावर राहणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की एकत्र बांधायचे काम होळीनंतर, नवी पालवी फुटू लागली की करावे आणि फार तर वैशाखाच्या सुरुवातीपर्यंत आटोपावे. पावसाळा येईपर्यंत सांधा जुळलेला हवा.

बहुखोडी झाड म्हणजे एकाच बुंध्यातून वर आलेली अनेक खोडे. जपानी लोक याला काबुदाची म्हणतात. आपल्याला याचा नमुना पाहायला लांब जायला नको. जावळी तालुक्यातल्या म्हसव्याचा जुना वड एकदा जाऊन नीट पाहावा. सातारा जिल्ह्यातल्या एका वडाची 1882 सालची मोजणी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत सापडते: घेर 1,587 फूट, उत्तर-दक्षिण 595 फूट, पूर्व-पश्चिम 442 फूट. अशा झाडाखाली उभे राहिले की कळते, खोडे सारख्या जाडीची नसतात, एका रांगेत नसतात आणि बाहेरची खोडे उजेडाकडे कललेली असतात. कुंडीत हेच उतरवायचे आहे.

आता रोपांविषयी. बियांची रोपे एकत्र बांधू नयेत. दोन बियांची दोन झाडे दिसायला भावंडे असली तरी एकाची पालवी आधी फुटते, दुसऱ्याची साल गडद होते, आणि जुळलेल्या झाडात तो फरक जन्मभर दिसतो. एकाच झाडाच्या फांद्या मुळवून तीन किंवा पाच रोपे करावीत. पाचगणीत नांदरूक उत्तम, उंबरही चालतो, पण त्याची पाने मोठी राहतात. एक गोष्ट स्पष्ट सांगते: जंगलातले किंवा टेबललँड पठाराच्या उतारावरचे खुरटलेले झाड उपटून आणू नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. राखीव जंगलातून झाड काढणे तर कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी जांभ्याच्या फटीत वर्षानुवर्षे तगलेले झाड कुंडीत बहुधा मरते.

बांधणी अशी करावी. समोरासमोर येणाऱ्या बाजूंवर कलमाच्या चाकूने बोटभर लांबीची पट्टी सोलावी, सालीखालचा हिरवा ओला थर दिसेपर्यंत, त्याहून खोल नाही. चीक वाहू लागतो. तो ओल्या फडक्याने टिपत राहावे आणि थांबला की मगच दोन्ही जखमा भिडवाव्यात. चिकाचा थर मध्ये राहिला तर साली एकमेकींना भेटतच नाहीत. आंब्याच्या भेट कलमाची हीच रीत आहे, इथे फक्त दोन्ही झाडांचे शेंडे ठेवायचे. सांधा मातीलगत हवा. चार बोटे वर जुळला तर झाडाची बेचकी होते आणि ती पुढे झाकता येत नाही. प्लॅस्टिकची कलमपट्टी खालून वर, घट्ट आणि वेढे एकमेकांवर चढवत गुंडाळावी. उन्हाळ्यातला टेबललँडवरून येणारा कोरडा वारा सांध्याला आणि पानांना सुकवतो, म्हणून कुंडी शेडनेटखाली, भिंतीच्या आडोशाला ठेवावी.

पट्टीच्या कडेला फुगवटा दिसू लागला की सांधा जुळतो आहे असे समजावे. ओढून पाहू नये. फुगवट्यात पट्टी रुतायच्या आत ती कापून पुन्हा सैल बांधावी आणि पावसाच्या तोंडावर पूर्ण काढावी. उरल्यासुरल्या जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात एकत्र करावे, धातूच्या भांड्यात नाही. लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो आणखी घालावा.

आपली लाल माती कुंडीत एकटी वापरू नये, पावसात तिचा चिखल होतो आणि मुळे गुदमरतात. जांभ्याचा किंवा विटेचा चाळलेला चुरा, जाड वाळू आणि थोडे जुने शेणखत पुरते. कुंडी पागोळीखाली ठेवू नये.

पावसाळ्यात कात्रीला आणि चाकूला हात लावू नये, पण तो काळ वाया जात नाही. त्याच ओलसर हवेत नांदरुकाला पारंब्या सुटतात, पांढऱ्या, सुतासारख्या. हवी ती पारंबी शरबताच्या नळीतून मातीपर्यंत न्यावी, म्हणजे वाऱ्याने सुकत नाही. एकदा मातीला लागली की ती जाड होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिला खोडावर खाच करून बसवता येते. ज्या बाजूला बुंधा रिकामा दिसतो ती बाजू भरायचा याहून सुंदर मार्ग मला माहीत नाही.

आकाराचे काम दसऱ्यानंतर, आकाश मोकळे झाले की. सगळ्यांत जाड खोड सगळ्यांत उंच, मध्याच्या जरा बाजूला. बाकीची चढत्या-उतरत्या उंचीची. बाहेरच्या खोडांच्या फांद्या बाहेर वळवाव्यात. आतून एकमेकींना छेदणाऱ्या फांद्या काढाव्यात, नाहीतर मधला उजेड बंद होऊन आतली पाने झडतात. ॲल्युमिनियमची तार फांदीच्या साधारण एकतृतीयांश जाडीची घ्यावी, तिरपी गुंडाळावी. दर रविवारी ती कुठे रुतते आहे का ते पाहावे. काढताना उलटी सोडवू नये, पक्कडीने तुकडे करून काढावी. तार वाचवण्याच्या नादात फांदी मोडलेली मी अनेकांच्या घरी पाहिली आहे.

मार्गशीर्ष-पौषात थंडी उतरली की खत बंद. पाणी सकाळी, माती वरून कोरडी झाली असेल तरच. कुंड्या रात्री पडवीत घ्याव्यात आणि पुढची छाटणी होळीनंतर धरावी.