रुळांकडेला उभं राहताना

बाय, तुला गाड्यांचं वेड लागलंय हे बघून मला फार बरं वाटतं. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आमच्या पिढीने हा मार्ग डोंगर फोडून उभा राहताना पाहिला, पण नोंदी फारशा ठेवल्या नाहीत. तुम्ही त्या ठेवा. त्यासाठी काही गोष्टी सांगून ठेवतो.

आधी वही, मग कॅमेरा. नुसत्या ‘मांडवी आली’ एवढ्या फोटोचा दहा वर्षांनी कुणाला उपयोग नाही. तारीख, वेळ, इंजिनाचा क्रमांक, त्यावर लिहिलेलं शेडचं नाव, डबे किती, थांबली की थेट गेली, एवढं लिहीच. रोह्याकडून मंगळुरूकडे जाते ती डाउन, उलट येते ती अप. १०१०३ मांडवी एक्स्प्रेस डाउन, १०१०४ अप. जागा लिहिताना ‘बोगद्याजवळ’ म्हणून भागत नाही. विजेच्या खांबावर किलोमीटरचा आणि त्या खांबाचा असे दोन आकडे असतात, ते उतरवून घे.

इंजिन पुढे गेलं की फोन खाली करू नकोस. शेवटच्या डब्यामागची मोठी फुली आणि ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी दिसेपर्यंत थांब. स्टेशनवरचे लोकही तेच बघतात. ती पाटी दिसली म्हणजे गाडी वाटेत तुटली नाही, अख्खी आली.

सिग्नल वाचायला शीक. रोहा ते वीर मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला, आपल्याकडे मात्र अजून एकच रूळमार्ग. त्यामुळे भोके, उक्षी, निवसर अशा स्टेशनांत एक गाडी बाजूला उभी राहते आणि समोरची निघून जाते. हे क्रॉसिंग टिपायचं तर स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलकडे लक्ष ठेव. हिरवा असेल तर गाडी थेट निघून जाणार. पिवळा असेल आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ पेटली असेल तर ती लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर वळणार. पिवळा आहे पण ओळ नाही, तर ती मुख्य मार्गावरच थांबायच्या तयारीने येतेय. सिग्नल कोणत्या वेळी बदलला तेही लिही. त्यावरून कुणी कुणाला वाट दिली ते पुढे कळतं.

फाटकं आपल्या मार्गावर कमी, कारण बहुतेक ठिकाणी रस्ता पुलावरून नाहीतर पुलाखालून जातो. म्हणूनच जिथे फाटक भेटेल तिथे त्याची पुरी नोंद कर. फाटकाच्या अलीकडे रुळालगत ‘सी/फा’ची पिवळी पाटी असते, म्हणजे फाटकासाठी शिट्टी वाजवा. फाटकाच्या सिग्नलखाली ‘जी’ अक्षर असतं. तो लाल राहिला तर लोकोपायलट दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो आणि मग सावधपणे फाटकापर्यंत जातो. गेटमनशी गप्पा जरूर मार, पण गाडी जवळ आली की नाही. देशात ब्रॉडगेजवरची बिनमाणसांची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली. उरलेल्या फाटकांवर सगळ्यांचा जीव त्या एका माणसाच्या लक्षावर असतो.

पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं ठेव. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. या दिवसांत गाड्यांचा वेग कमी असतो आणि पाऊस कोसळू लागला की तो आणखी उतरवून ताशी ४० किलोमीटरवर आणतात. दरडींवर नजर ठेवत माणसं रात्रंदिवस रुळांवरून गस्त घालतात. त्यांना विचारून त्यांचेही फोटो घे. गाडीचा इतिहास लिहिताना या माणसांना वगळू नकोस.

आता जागा. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, उक्षी आणि भोकेच्या मधला. त्याच्या तोंडाशी जाण्याचा मोह आवर. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. त्याचे भाग एका टोकाला ओतून पुढे पुढे ढकलत नेले, ही पद्धत आपल्या देशात तेव्हा नवी होती. तो खालच्या रस्त्यावरून बघ. पुलावर चढायचं नाही.

रुळांपासून लांब राहायचं हे पुन्हा सांगतो, कारण यात तडजोड नाही. २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर आला. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट आहेत. छत्री, सेल्फी स्टिक, लांब बांबू तिच्या दिशेने उंच करू नकोस. विजेचं इंजिन डिझेलसारखं लांबून गरजत येत नाही, आवाज कानावर पडेपर्यंत ते जवळ आलेलं असतं. परवानगीशिवाय रुळांच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. प्लॅटफॉर्मचं तिकीट काढ, स्टेशनमास्तरांना सांग, पिवळ्या पट्टीच्या मागे राहा. रात्री फ्लॅश मारू नकोस, लोकोपायलटच्या डोळ्यांवर तिरीप येते. लष्कराची गाडी दिसली तर कॅमेरा खिशात.

जे जाणार आहे ते आधी टिप. या मार्गावर डिझेल इंजिनं रोज दिसत, तेव्हा त्यांच्या फोटोंची कुणाला किंमत नव्हती. मांडवी आणि कोकणकन्या २०१९ मध्ये जुन्या निळ्या डब्यांतून नव्या एलएचबी डब्यांत गेल्या, आणि मग लोक जुन्या डब्यांचे फोटो शोधू लागले. आज वंदे भारतचे व्हिडिओ ढिगाने निघतात. दिवा पॅसेंजर, ट्रकांनी भरलेली रो-रो, उभी राहिलेली मालगाडी यांच्याकडे कुणी बघत नाही. तू बघ. रो-रो १९९९ पासून कोलाड आणि वेर्ण्यादरम्यान धावतेय. तिचे ड्रायव्हर आपापल्या ट्रकातच बसून प्रवास करतात. त्यांच्याशी बोलून त्यांची गोष्टही लिहून ठेव.

महिन्याच्या शेवटी फोटो तारखेवारीने लाव आणि दुसरीकडे एक प्रत ठेव. गणपतीत जादा गाड्या सुटतात आणि दर वर्षी त्यांची नावं, वेळा, थांबे बदलतात. सण उलटला की ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. येत्या गणपतीत वहीचं पहिलं पान त्यांनीच भर.