दोष बेल्टचा नसतो

इंजिन बदललेल्या गाडीचा बेल्ट चिरचिरू लागला की आधी बेल्ट बदलला जातो, मग टेन्शनर. मी म्हणतो, आधी पुल्यांची रेषा तपासा. मूळ इंजिनावर क्रँक पुली, अल्टरनेटर आणि ब्रॅकेट एकमेकांच्या मापाने केलेले असतात. अदलाबदलीत हे नातं तुटतं. अमेरिकेत जुन्या गाड्यांत सर्रास बसवलं जाणारं शेवरोलेचं एलएस इंजिन घ्या. कॉर्व्हेटच्या तुलनेत कॅमेरोचा बेल्ट सुमारे 19 मिलिमीटर पुढे धावतो, ट्रकचा सुमारे 38. एवढा फरक निदान डोळ्यांना दिसतो. फसवतो तो एक-दोन मिलिमीटरचा. या इंजिनाच्या क्रँकवर डॅम्पर, म्हणजे क्रँक पुलीच, नुसता दाबून बसतो. शेवटपर्यंत ओढला नसेल तर तो किंचित बाहेर राहतो आणि मग बाकीच्या निर्दोष पुल्याच चुकीच्या वाटू लागतात.

मिलिमीटरभराने काय बिघडतं, असं विचारलं जातं. उत्तर दोन पुल्यांमधल्या अंतरात आहे. 400 मिलिमीटरच्या अंतरात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 0.14 अंशाचा तिरकेपणा, 150 मध्ये तोच 0.38 होतो. म्हणून सर्वांत जवळची खाचांची जोडी पहिल्यांदा मोजावी, तीही इंजिन बंद ठेवून. सरळपट्टी पुलीच्या कडेला लावू नका. कडांची जाडी पुलीगणिक वेगळी असते, माप खाचेतूनच घ्यायला हवं.

नवा बेल्ट टाकल्यावर आवाज थांबतो, हेही खरं. पण कोऱ्या रिबा दोष काही काळ झाकतात, एवढंच. जुना बेल्ट फेकण्याआधी बघा: एकाच बाजूची कड उसवली असेल तर कारण रेषेतच शोधावं. चालू इंजिनावर, हात आणि बाह्या लांब ठेवून, रिबांवर थोडं पाणी फवारा. चिरचिर थांबून परत आली तर पुल्या तिरक्या आहेत; आवाज वाढला तर ताण कमी आहे. सरसकट ताण वाढवणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे, कारण त्याची किंमत वॉटर पंप आणि अल्टरनेटरचे बेअरिंग मोजतात.

डॅम्पर पुरता बसल्याची खात्री झाली की क्रँक पुली प्रमाण मानून बाकीच्या तिच्याकडे आणा. वॉशरांची चळत लावू नका, ती लोडखाली हलते. लेथवर अचूक मापाचा एकच स्पेसर करून घ्या आणि मूळ बोल्टपेक्षा त्याच्या जाडीइतका जास्त लांब बोल्ट वापरा, नाहीतर आटे पुरेसे धरत नाहीत.