सर्वात मोठा मेसेज किती बाइटचा?

कोल्ड स्टोरेजमधल्या काही नोडच्या नोंदी सर्व्हरवर पोचत नाहीत, अशा तक्रारीसह एक काम आमच्याकडे आलं. यंत्रणा आधीच्या कंत्राटदाराने बसवलेली: प्रत्येक नोडला चार तापमान प्रोब, लोरावॅन रेडिओ, आणि मेसेज एन्कोड करायला प्रोटोबफची नॅनोपीबी ही सी-लायब्ररी. टेबलावर सगळं सुरळीत चालायचं. उणे अठराच्या खोलीत नेलं की गेटवेपासून लांबचे नोड गप्प. साहजिकच सगळ्यांचा संशय अँटेनावर आणि जाड इन्सुलेटेड भिंतींवर गेला.

दोष मेसेजच्या व्याख्येत निघाला. तापमान अंशाच्या शंभराव्या भागात मोजून ‘इंट32’ म्हणून पाठवलं जात होतं. प्रोटोबफ असा पूर्णांक सात-सात बिटांच्या तुकड्यांत पाठवतो, त्यामुळे 2800, म्हणजे 28 अंश, दोन बाइटांत मावतो. ऋण संख्या मात्र आधी 64 बिटांपर्यंत ताणली जाते आणि −1850 ला थेट 10 बाइट लागतात. फील्डच्या क्रमांकाचा एक धरून 11. चार प्रोबचे 44, वेळेचे 6, बॅटरीचे 3, एकूण 53. भारतातल्या 865 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लोरावॅनच्या सर्वात संथ तीन डेटा रेटना मर्यादा आहे 51 बाइटांची. लांबचे नोड नेमके त्याच रेटवर होते. रेडिओ स्टॅक ‘मेसेज मोठा आहे’ असा एरर परत देत होता, आणि फर्मवेअर तो तपासतच नव्हतं. टेबलावर हाच मेसेज 21 बाइटांचा भरायचा, मग चाचणीत कळणार कसं?

उपाय ‘एसइंट32’. त्यात −1850 चा आधी 3699 होतो, म्हणून दोनच बाइट लागतात. पण जुन्याच फील्ड क्रमांकावर प्रकार बदलू नका. जुनी व्याख्या वापरणारा सर्व्हर तक्रार न करता 36.99 अंश दाखवेल. नवीन क्रमांक द्या, जुने राखीव ठेवा.

मला सर्वात जास्त खटकलं ते वेगळंच. नॅनोपीबी कोड जनरेट करताना मेसेजचा कमाल आकारही हेडरमध्ये लिहून ठेवते. तिथे 56 हा आकडा स्पष्ट होता! कंपाइल करतानाच ‘51 पेक्षा मोठा नको’ अशी एक ओळ टाकली असती, तर बिल्ड तिथेच अडला असता. एसइंट32 केल्यावर तो आकडा 36 वर येतो, म्हणजे तापमान काहीही असो, मेसेज बसणारच.

म्हणूनच लायब्ररी निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: वाईटात वाईट आकार आधी कळतो का? वेगाचे तक्ते नंतर बघा. नॅनोपीबीत तो कळतो, पण प्रत्येक स्ट्रिंगला आणि यादीला कमाल लांबी दिली तरच. नाहीतर कॉलबॅक येतात आणि तो आकडाच मिळत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकाच सर्व्हरशी बोलणार असतील, फील्ड सतत बदलणार असतील, तर मी सीबॉर घेईन. त्याचं सध्याचं मानक 2020 चं, आरएफसी 8949. त्यात −1850 तीन बाइटांत जातो. मात्र फील्डची नावं अक्षरांत ठेवलीत तर ‘टेम्परेचर’ हे इंग्रजी नावच दर वेळी 12 बाइट खातं. अंकी की वापरा. फ्लॅटबफर्स डीकोड न करता जागच्या जागी वाचण्यासाठी बनवलंय, एवढ्या छोट्या मेसेजला त्याच्या ऑफसेटचाच भार होतो.

आणि मेसेज खरंच कायमचा ठरलेला असेल, तर लायब्ररी नसली तरी चालतं. वरचा मेसेज हाताने पॅक केला तर 14 बाइटांत बसतो. पहिला बाइट आवृत्तीसाठी जोडा, बाइटांचा क्रम कागदावर लिहून ठेवा, आणि स्ट्रक्टचा पॉइंटर थेट बफरवर टाकू नका. कॉर्टेक्स-एम0 वर पत्ता अलाइन नसेल तर थेट हार्डफॉल्ट येतो.

शून्याचंही बघा. प्रोटो3 मध्ये साध्या फील्डची किंमत शून्य असली तर ते पाठवलंच जात नाही. मग शून्य अंश आणि तुटलेला प्रोब सर्व्हरला सारखेच दिसतात. प्रत्येक प्रोबचं फील्ड ‘ऑप्शनल’ करा, आणि उणे चाळीस, शून्य आणि वायर काढलेला प्रोब, हे तिन्ही मेसेज सर्व्हरच्याच कोडने डीकोड करून पाहिल्याशिवाय नोड खोलीत लावू नका.