भयाचे विस्मरण

दैवी संपत्तीची गणना करताना भगवद्गीतेने सोळाव्या अध्यायात अभयाला अग्रस्थान दिले आहे. परंतु एकदा अंतरात शिरलेले भय पुन्हा जाते कसे, किंबहुना जाते तरी काय, हा प्रश्न साधकाप्रमाणे शास्त्रज्ञासही पडलेला आहे. बेंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्याचा जो शोध घेतला गेला, तो गृहस्थाश्रमी वाचकांनी जाणून घेण्याजोगा आहे.

मेंदूच्या आत दोन्ही अंगांस बदामाच्या आकाराचा एकेक पेशीपुंज असतो. त्यास अमिग्डाला म्हणतात. भयाचा पाठ मुख्यतः येथे गिरवला जातो. लगतच असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग स्थळाची व प्रसंगाची स्मृती राखतो. सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले की, उंदरास रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवले असता हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा खुरटतात, अमिग्डालातील मात्र फोफावतात. पुढे २००४ साली अशा उंदरांना एकवीस दिवस विसावा देऊन पाहिले. हिप्पोकॅम्पसची झीज भरून आली. परंतु अमिग्डालातील वाढ ओसरली नाही आणि धास्तीही गेली नाही. काळ हेच औषध असे आपण सहज म्हणतो, पण येथे तरी ते लागू पडले नाही.

मग भय विसरले जाते ते कसे? ज्या खुणेने भय वाटते तीच खूण अपाय न होता वारंवार समोर आली, की मेंदू 'येथे धोका नाही' हा नवा पाठ शिकतो, आणि कपाळामागील भाग अमिग्डालास आवरू लागतो. जुना पाठ बहुधा पुसला जात नाही. तो दबून राहतो. म्हणूनच काही काळ लोटल्यावर किंवा स्थळ बदलल्यावर तो पुन्हा डोके वर काढतो.

कुत्रा चावलेले मूल हळूहळू शेजाऱ्यांच्या कुत्र्याजवळ निर्धास्त बसू लागते, आणि आजोळी कुत्रे दिसताच पुन्हा आईच्या पदराआड दडते. त्यास भित्रे म्हणून हिणवणे अन्यायाचे होय. त्याने मिळवलेली निर्भयता खोटी नव्हती. ती एका अंगणापुरती होती, इतकेच. आजोळच्या अंगणातही तोच अभ्यास पुन्हा दुरून आरंभ करून, आईचा पदर हाती असतानाच, त्याच्याकडून करवून घ्यावा.