टोकन देण्याआधी जरा बस

अगं, "उद्यापर्यंत टोकन द्या, दुसरी पार्टी येतेय" हे वाक्य ऐरोलीतला एकही एजंट म्हटल्याशिवाय राहत नाही. ती दुसरी पार्टी क्वचित खरी असते. असली आणि तिने घर घेतलं, तर घेऊ दे. ऐरोलीत घरं संपलेली नाहीत. तू मात्र मला काल रात्री जो हिशेब सांगितलास, भांडुपची खोली विकायची आणि त्याच पैशांत इथलं घर घ्यायचं, तो घाईत करण्याजोगा नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. फोनवर तू मधेच "हो गं ताई" म्हणतेस आणि निम्मं ऐकत नाहीस.

माझी एक मैत्रीण ऑस्ट्रेलियात पर्थला असते. तिने तिकडे घर घेतलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. घर दाखवणारा दलाल वेगळा, आणि व्यवहार पूर्ण करून देणारा 'सेटलमेंट एजंट' वेगळा. त्याला १९८१च्या कायद्याखाली सरकारी परवाना लागतो, लोकांचे पैसे वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवावे लागतात. कागदांचा शोध, कर आणि पाणीपट्टी दोघांत कुठल्या तारखेपासून वाटायची, ठरल्या दिवशी पैसे इकडून तिकडे आणि नाव तिकडून इकडे, हे सगळं तो बघतो. काही चुकलं तर कोणाला धरायचं ते तिला माहीत होतं.

आपल्याकडे असा माणूस नाही. तेच काम इथे चार-पाच जणांत वाटलेलं असतं. एस्टेट एजंट घर दाखवतो आणि भाव जुळवतो. वकील टायटल बघतो. रजिस्ट्रेशनवाला चलन काढतो, डेटा एन्ट्री करतो, नंबर लावतो. सिडकोच्या फायली फिरवणारा आणखी एक असतो, आणि बँकेचं कर्ज आणून देणारा एक. प्रत्येकजण आपापली फी घेतो आणि आपल्या तुकड्यापुरता बघतो. अख्खा व्यवहार कोणाच्याच डोक्यात नसतो. तो तुझ्या डोक्यात असला पाहिजे. एजंट जेव्हा म्हणतो ना, "मॅडम, सगळं आम्ही करून देतो, तुम्ही फक्त सहीला या", तेव्हा गोड हसायचं आणि विचारायचं, "बरं, वकील कोण?"

एजंट वाईट असतात असं मी म्हणत नाहीये. ऐरोलीतले जुने एजंट सोसायटीचा सेक्रेटरी कोण, गळती कुठल्या विंगला, कुठल्या मजल्यावर पाणी कमी येतं, सगळं जाणतात. ही माहिती तुला दुसरं कोणी देणार नाही. पण त्याची दलाली व्यवहार झाला तरच मिळते, तीही बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून साधारण एक-एक टक्का, कधी जास्त. मग त्याचा जीव घर चांगलं आहे का यात नसतो, सौदा पार पडतो का यात असतो. म्हणून घर त्याच्याकडून बघ, कागद त्याच्या वकिलाकडून बघून घेऊ नकोस. तो म्हणेल, "आमचे वकीलसाहेब आहेत, फी पण कमी घेतात." त्या वकिलाला महिन्याला चार व्यवहार हा एजंट आणून देतो. तुझ्या एका व्यवहारासाठी तो स्वतःचं पोट मारून घेईल का? स्वतःचा वकील कर. त्याची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते.

आणि "बँकेने कागद तपासलेत ना, मग झालं" या भरवशावरही राहू नकोस. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. आपलं कर्ज सुरक्षित आहे की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. सोसायटीची थकबाकी, पार्किंग कागदावर आहे की नुसतं तोंडी, वारसांतली एखादी बहीण सही करायला तयार आहे का, याची चिंता तू करायची.

आता ऐरोलीचं म्हणून जे आहे ते नीट ऐक, कारण भांडुपला हा प्रकार नव्हता. इथली बरीचशी जमीन सिडकोची. सिडको १९७०मध्ये झाली, गावांच्या जमिनी संपादित झाल्या, सेक्टर पडले. या जमिनी भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत. म्हणजे तू घर घेतेस तेव्हा भिंती तुझ्या असतात, पण खाली एक जमीनमालक बसलेला असतो आणि त्याच्या वहीत तुझं नाव चढावं लागतं. फ्रीहोल्डच्या बातम्या येत राहतात. आपण आज कागदावर काय आहे ते बघायचं.

सिडकोने बांधलेल्या जुन्या घरांत खरी गोम असते. मूळ अलॉटीने घर विकलं, पण सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस वाचवायला नुसतं मुखत्यारपत्र करून दिलं. घेणाऱ्याने पुढे तिसऱ्याला विकलं, पुन्हा मुखत्यारपत्रावर. आज ताबा तिसऱ्याचा, लाइट बिल दुसऱ्याचं, आणि सिडकोच्या दप्तरात अजून पहिलाच. तो पहिला कदाचित गावी परत गेला असेल, कदाचित वारला असेल. सुप्रीम कोर्टाने २०११मध्ये स्पष्ट सांगितलं की अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. म्हणून एजंटला पहिला प्रश्न कार्पेट किती हा विचारू नकोस. विचार, "चेन पूर्ण आहे का?" म्हणजे सिडकोच्या अलॉटमेंट लेटरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक विक्रीचा नोंदणीकृत करार, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), आणि जिथे लागतो तिथे सिडकोचा ट्रान्सफरचा आदेश. मधली एक कडी जरी "ती आम्ही नंतर करून देऊ" अशी असली, तर नंतरपर्यंत तुझेही पैसे थांबतील हे त्याला तिथेच सांग.

बिल्डरने सिडकोच्या प्लॉटवर बांधलेली सोसायटी असेल, तर प्रकार थोडा वेगळा. तिथे सोसायटीच्या नावे लीज डीड झालंय का आणि महापालिकेची ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, हे बघ. साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्यांना मिळालेल्या प्लॉटवरच्या इमारतींत मूळ शेतकरी, बिल्डर आणि सिडको असा तिघांचा करार असतो. शेतकऱ्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, ते वकिलाला मुद्दाम सांगून तपासून घे. हे साडेबारा टक्के काही फुकट मिळालेले नाहीत गं. १९८४च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे ते पदरात पडले. त्या लोकांच्या वारसांचा वाटा कागदावर नीट असणं हे तुझ्यासाठीही चांगलं आणि त्यांच्यासाठीही.

आणि तो एजंट तुला ऐरोली गावातलं किंवा दिवा गावातलं घर दाखवणार, "सेक्टरच्या निम्म्या भावात, स्टेशनही जवळ." तिथे राहणारी माणसं छान आहेत, माझ्याही ओळखीची आहेत. पण ओसी नसलेल्या इमारतीत नोटरीवर घर घेऊ नकोस. बँक कर्ज देत नाही ती उगाच नाही, आणि उद्या तुला विकायचं झालं तर तूही निम्म्या भावातच विकशील.

पैशांचं सांगते. टोकन एजंटच्या हातात द्यायचं नाही, त्याच्या खात्यात तर मुळीच नाही. मालकाच्या नावाने चेक किंवा ऑनलाइन, आणि एका कागदावर चार ओळी, दोघांच्या सह्यांसकट: घर कुठलं, किंमत किती, टोकन किती, आणि कर्ज नामंजूर झालं किंवा टायटलमध्ये खोट निघाली तर टोकन किती दिवसांत पूर्ण परत. शेवटची ओळ लिहायला एजंट तोंड वाकडं करतो. करू दे.

"थोडं कॅश द्या, स्टॅम्प ड्युटी वाचेल" असंही कोणीतरी म्हणेलच. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. इथे तू घेणारी नाहीस, पण भांडुपच्या व्यवहारात तू घेणारी आहेस, हे विसरू नकोस. शिवाय स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनर यांतल्या जास्त रकमेवर लागते, त्यामुळे रेकनरच्या खाली किंमत दाखवून ड्युटीचा एक रुपयाही वाचत नाही.

घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस, तर राहत्या घरासाठी स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, २०२१पासून. नवऱ्याचं नाव सोबत लावलं की ती गेली. मला विचारशील तर तुझ्या एकटीच्या नावावर घे, आणि फक्त एक टक्क्यासाठी नाही. कर्जात त्याला सहकर्जदार ठेवायचं आणि मालकीत नाही, हे चालतं का, ते तुझ्या बँकेला आधी विचार, मग घरात बोल. किंमत पन्नास लाख किंवा वर गेली तर एक टक्का टीडीएस तू कापून मालकाच्या पॅनवर भरायचा असतो. एजंट म्हणतो, "ते सीए बघेल." कोणाचा सीए? मालक परदेशात राहत असेल तर हा आकडाच बदलतो, तेव्हा त्या बाबतीत सीएशी बोलल्याशिवाय पहिला चेकसुद्धा फाडू नकोस.

मालकावर कर्ज असेल तर त्याचे ओरिजिनल कागद त्याच्या बँकेत असतील. तिथून फोरक्लोजर लेटर आणि तिथे जमा असलेल्या कागदांची यादी माग. यादीत चेनमधला एखादा जुना करार नसेल, तर तो कुठे आहे हे तेव्हाच विचारायचं. तुझी बँक सरळ त्याच्या बँकेला पैसे देते, ओरिजिनल तिथून तुझ्या बँकेकडे जातात. मधे एजंटच्या पिशवीत ते एक रात्रही राहायला नकोत. सोसायटी ट्रान्सफरसाठी लाखभर मागत असेल तर सांग की महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा पंचवीस हजार आहे. "डोनेशन" म्हणून मागितलं तर पावती माग, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी तुला वाटेल की आता फक्त अंगठा द्यायचाय. सगळ्यात जास्त चुका याच दिवशी होतात. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसाबाहेर त्या रजिस्ट्रेशनवाल्याचं छोटं दुकान असतं, झेरॉक्सचं मशीन गरम झालेलं, एक मुलगा तीन जणांची डेटा एन्ट्री एकदम करत असतो. तो करारातून बघून नाव, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, किंमत टाइप करतो आणि तेच जसंच्या तसं इंडेक्स टूवर छापून येतं. नंबर पुकारायच्या आधी ते प्रिंट तू माग आणि पेनाने एक-एक ओळ खूण करत वाच. आमच्याच सोसायटीतल्या एका बाईंच्या इंडेक्स टूमध्ये फ्लॅट २०३चा ३०२ झाला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या ३०२वाल्यांना कळलं तेव्हा त्यांना घाम फुटला, आणि बाईंना चूक दुरुस्तीचा दस्त करायला विकणाऱ्याला पुन्हा नाशिकहून बोलवावं लागलं. तो दोन महिने "येतो, येतो" म्हणत राहिला. तुझं नाव आधारवर, पॅनवर आणि करारात सारखं आहे ना, तेही बघ; लग्नाआधीचं आडनाव पॅनवर अजून आहे तुझ्या, मला माहितीये. आत गेल्यावर फोटो, अंगठा, सही, दोन ओळख देणारे. त्यांतला एक तरी तुझा माणूस असू दे. घाई वाटली तर आठव, करारावर सह्या झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात. कोणाच्या गाडीची वेळ झाली म्हणून तू न वाचता अंगठा द्यायचं कारण नाही.

आता भांडुप. तिथे तू विकणारी, म्हणून सगळं उलट. एजंटला ओरिजिनल देऊ नकोस, झेरॉक्सवर "फक्त पाहण्यासाठी" लिहून दे. चावी शेवटचा रुपया खात्यात आल्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझा खरेदीदार कर्ज काढणार असेल तर त्याची बँक पैसे सोडेल तेव्हाच तुझ्याकडे पैसे येणार. ते पंधरा दिवस पुढे गेले की इथल्या मालकाला दिलेली तुझी तारीख हुकते आणि टोकन धोक्यात. म्हणून ऐरोलीच्या करारात तारीख लिहिताना भांडुपच्या तारखेपेक्षा निदान दीड महिना पुढची लिही, आणि त्यानंतरच्या मुदतवाढीची ओळही घाल. भांडुपच्या नफ्यावरच्या कराचं सीएला आधीच विचार. राहतं घर विकून राहतं घरच घेतलं तर सवलत मिळते, पण ती मुदतीत बसली पाहिजे.

उरला एजंटचा प्रश्न. नवीन प्रकल्पातलं घर दाखवणार असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक माग आणि वेबसाइटवर तपास. २०२४पासून अशा एजंटांना परीक्षा पास झाल्याचा दाखलाही लागतो. रिसेलच्या जुन्या घराला तो नियम तसा लागू होत नाही, तरी दोन एजंट सारखेच वाटले तर परीक्षा दिलेला घे. दलाली किती, जीएसटी वर की धरून, हे पहिल्याच भेटीत व्हॉट्सअॅपवर लिहून घे. अर्धी रजिस्ट्रेशनला, अर्धी ताबा आणि सिडको-सोसायटीच्या ट्रान्सफरची कागदपत्रं हातात आल्यावर. उरलेली अर्धी तुझ्याकडे आहे तोवर तो तुझे फोन उचलेल.

रविवारी जेवायला या दोघं, आणि त्या घराच्या कागदांची झेरॉक्स घेऊन ये. एजंटने दिली नाही तर ती का दिली नाही, ते त्याच्याकडून ऐकून ये.